उपचाराची निवड: एका पेचाचा इतिहास

साठी उलटलेला एखादा गृहस्थ लघवीच्या किरकोळ तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जातो. रक्त तपासले जाते, पुढे ग्रंथीचा बारीकसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो, आणि काही दिवसांनी त्याच्या हाती एक कागद येतो. त्या कागदावर कर्करोग हा शब्द असतो. त्या रात्री घरात कोणाच्याही घशाखाली घास उतरत नाही. थोरला मुलगा म्हणतो, उद्याच्या उद्या शस्त्रक्रिया उरकून टाकू. जावई म्हणतात, कापाकापी नको, किरणोपचार बरे. आणि डॉक्टर सांगतात की, काका, तुमच्या बाबतीत तूर्त काहीच न करता नियमितपणे लक्ष ठेवले तरी चालण्यासारखे आहे. यांतले काय करायचे ते तुम्ही विचार करून ठरवा. हे शेवटचे ऐकून तर घरची मंडळी अधिकच घाबरतात. कर्करोगासारखा रोग, आणि वैद्य असलेला मनुष्य निवड रोग्यावर सोपवतो, हे कसे?

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. मूत्राशयाच्या तोंडाशी अक्रोडाएवढी एक ग्रंथी पुरुषांना असते. तिला शास्त्रीय भाषेत पुरःस्थ ग्रंथी आणि व्यवहारात प्रोस्टेट म्हणतात. तिच्या कर्करोगावर आज एकाहून अधिक वाटा खुल्या आहेत, त्या एकदम निर्माण झालेल्या नाहीत. प्रत्येक वाट कोणी तरी कष्टाने पाडली, आणि प्रत्येक वाटेची किंमत कोणी तरी मोजली. हा इतिहास ठाऊक असला म्हणजे निवड सोपी होते असे नाही. पण ती आंधळेपणाने करावी लागत नाही.

१८५३ साली लंडनमधील जॉन ॲडम्स या शस्त्रवैद्याने या रोगाचे एक उदाहरण सूक्ष्मदर्शकाच्या पुराव्यानिशी नोंदवले आणि हा रोग फार दुर्मीळ आहे, असे मत दिले. आज हे मत वाचून नवल वाटते. पण त्या काळी पुष्कळसे पुरुष हा रोग व्हावा इतके जगतच नसत, आणि जे जगत त्यांची लघवी अडली तर म्हातारपणी ग्रंथी वाढायचीच, म्हणून तो विषय तेथेच मिटे. रोग होता, त्याला ओळखणारे डोळे नव्हते. जेथे ओळखच नाही तेथे निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही.

पहिली वाट शस्त्राची. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ च्या एप्रिल महिन्यात कर्करोग झालेली संपूर्ण ग्रंथी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. त्यांच्या मदतीला विख्यात शस्त्रवैद्य विल्यम हॉल्स्टेड उभे होते. रोग ग्रंथीच्या आत असतानाच ती मुळासकट काढली तर रोगी वाचेल, हा त्यामागचा सरळ विचार. विचार बरोबर होता. परंतु बहुतेक रोगी येत तेव्हा रोग ग्रंथीबाहेर पसरलेला असे. आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होई त्यांतील पुष्कळांना लघवीवरचा ताबा आणि कामशक्ती गमवावी लागे. दुसरी वाट किरणांची. रेडियमचा शोध १८९८ चा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील बेंजामिन बॅरिंजर यांनी रेडियम भरलेल्या सुया थेट ग्रंथीत खुपसून उपचार केले आणि १९१७ साली त्यांचे अनुभव प्रसिद्ध केले. दोन्ही वाटा निघाल्या, पण त्या अरुंद होत्या आणि फार थोड्यांच्या उपयोगी पडल्या.

उशिरा आलेल्या रोग्यासाठी प्रथमच काही करता येऊ लागले ते १९४१ मध्ये. शिकागो विद्यापीठातील चार्ल्स हगिन्स कुत्र्यांच्या पुरःस्थ ग्रंथीचा अभ्यास करीत होते. ही ग्रंथी वृषणांतून येणाऱ्या पुरुष-संप्रेरकावर पोसली जाते, हे त्यांना स्पष्ट दिसले. मग तिच्यात उपजलेला कर्करोगही त्याच अन्नावर जगत नसेल कशावरून? क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासह त्यांनी रोग पसरलेल्या पुरुषांची वृषणे काढून पाहिली, काहींना स्त्री-संप्रेरक दिले. हाडांत रोग गेल्यामुळे वेदनेने तळमळणारे रोगी थोड्याच दिवसांत उठून बसले. कर्करोगाची पेशी ही सर्वस्वी बेबंद असते, तिला शरीराचा कोणताही कायदा लागू नाही, या समजुतीला यामुळे पहिला मोठा धक्का बसला. या कार्याबद्दल हगिन्स यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हा उपाय रोग दाबतो, निर्मूल करीत नाही. काही काळाने रोग डोके वर काढतो, ही गोष्ट हळूहळू उमगली.

आणि याच वाटेवर वैद्यकाला विनयाचा एक कठोर धडा मिळाला. स्त्री-संप्रेरकाचे काम करणारे डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम औषध स्वस्त होते, तोंडाने घेता येत होते, आणि वृषणे काढण्याची मानहानी टळत होती. साहजिकच ते सढळ हाताने दिले जाऊ लागले. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांनी १९६० पासून एकत्र येऊन रोग्यांचे गट पाडून पद्धतशीर तुलना केली. १९६७ मध्ये निष्कर्ष बाहेर आला तो असा, की रोज पाच मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांत कर्करोगाने मरणारे घटले, पण हृदयविकाराने व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मरणारे तितकेच वाढले. रोग हटला आणि रोगी गेला, असा तो हिशेब होता. तेव्हापासून उपचाराचे मोजमाप केवळ रोगावर होणाऱ्या परिणामाने करू नये, माणसाच्या एकंदर आयुष्याने करावे, हा दंडक या क्षेत्रात रुजू लागला.

दरम्यान पहिल्या दोन वाटा रुंदावत होत्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९५६ पासून लिनिअर ॲक्सेलरेटर या यंत्राने प्रखर क्ष-किरण खोलवर सोडता येऊ लागले. तेथील माल्कम बॅगशॉ यांनी हे यंत्र या रोगासाठी वापरून १९६५ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. शस्त्रक्रियेत क्रांती घडवली ती जॉन्स हॉपकिन्सच्याच पॅट्रिक वॉल्श यांनी. कामशक्तीच्या मज्जातंतू नेमक्या कोठून जातात हे प्रौढ शरीरात नीट दिसत नसे. हॉलंडमधील लायडन येथे १९८१ साली वॉल्श यांची गाठ पीटर डाँकर या वृद्ध शस्त्रवैद्याशी पडली. मृत जन्मलेल्या अर्भकाच्या देहात या मज्जातंतू ठळक दिसतात, हे डाँकर यांना ठाऊक होते. दोघांनी मिळून त्यांचा मार्ग शोधला, आणि २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी त्या मज्जातंतू जाणीवपूर्वक राखून पहिली शस्त्रक्रिया केली. रोगी होते ५२ वर्षांचे एक प्राध्यापक. ग्रंथी गेली, तरी त्यांचे पौरुष शाबूत राहिले. अर्थात प्रत्येकाच्या वाट्याला हे भाग्य येत नाही.

येथवरचा इतिहास म्हणजे, रोग कसा काढावा, याचा इतिहास आहे. पण तो काढलाच पाहिजे का, हा प्रश्न एका बाजूला दबक्या पावलांनी येत होता. १९३५ साली जॉन्स हॉपकिन्सचे विकृतिशास्त्रज्ञ आर्नल्ड रिच यांनी पन्नाशीपुढील २९२ पुरुषांच्या शवविच्छेदनांचा तपशील दिला. शेकडा १४ जणांच्या पुरःस्थ ग्रंथीत कर्करोग सापडला. या पुरुषांना मृत्यू आला होता तो बहुतांशी निराळ्याच कारणाने. हा रोग त्यांच्या देहात मुकाट्याने पडून होता. म्हणजे एकाच नावाखाली दोन प्रकृती नांदत होत्या. एक वाघासारखी, दुसरी कासवासारखी. त्यांना ओळखायचे कसे? मिनिॲपोलिसच्या डोनल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये पेशींच्या रचनेवरून रोगाला गुण देण्याची पद्धत सुचवली. आज बायॉप्सीच्या अहवालावर जो ग्लीसन गुणांक असतो तो त्यांचाच. सहा असेल तर रोग सौम्य, आठ ते दहा असेल तर उग्र, असे ढोबळ मानाने समजावे. न्यूयॉर्कचे थोर शस्त्रवैद्य विलेट व्हिटमोर तर सहकाऱ्यांना सतत एक कोडे घालीत. ज्यांना बरे करणे आवश्यक आहे त्यांना बरे करणे शक्य आहे का, आणि ज्यांना बरे करणे शक्य आहे त्यांना ते आवश्यक आहे का, असा त्या कोड्याचा आशय होता. व्हिटमोर १९९५ साली याच रोगाने निवर्तले.

हे कोडे घरोघर पोहोचले ते रक्ताच्या एका चाचणीमुळे. या ग्रंथीतून स्रवणारे पीएसए नावाचे प्रथिन रक्तात मोजण्याची चाचणी अमेरिकेत १९८६ साली, उपचारानंतर रोगावर नजर ठेवण्यासाठी मान्य झाली. रोग हुडकण्याच्या कामी तिला मान्यता मिळाली १९९४ मध्ये. पण त्याच्या आधीच ती सर्रास वापरात आली होती. लक्षण नाही, वेदना नाही, तरी हजारो पुरुषांच्या हाती निदानाचा कागद येऊ लागला. त्यांत वाघ होते, तशी कासवेही होती. आणि शस्त्र किंवा किरण दोघांवर सारखेच चालत होते.

तेव्हा प्रत्यक्ष कसोटीवाचून गत्यंतर नव्हते. स्वीडन, फिनलंड व आइसलंड येथील ६९५ पुरुषांना १९८९ ते १९९९ या काळात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. एका गटावर शस्त्रक्रिया, दुसऱ्या गटात नुसते लक्ष. या पुरुषांचा रोग बहुतेक करून चाचणीने नव्हे, तर हाताला लागून किंवा लक्षणांवरून कळलेला होता. एकोणतीस वर्षांच्या अखेरीस शस्त्रक्रियेच्या गटात ७१ आणि दुसऱ्या गटात ११० पुरुष या रोगाने दगावले होते. शस्त्रक्रियेने सरासरी सुमारे तीन वर्षांचे आयुष्य दिले. येथे वाघ बरेच होते, हे उघड आहे.

रक्तचाचणीने कळलेल्या रोगाची कसोटी ब्रिटनमध्ये लागली. १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या ८२,४२९ पुरुषांची चाचणी झाली, आणि रोग ग्रंथीपुरता मर्यादित असलेले १,६४३ जण शस्त्रक्रिया, किरणोपचार व देखरेख अशा तीन गटांत वाटून घ्यायला तयार झाले. ते सहजी तयार झाले नव्हते. जेनी डॉनोव्हन या समाजशास्त्राच्या अभ्यासक विदुषींनी डॉक्टर व रोगी यांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून ऐकली. तिसऱ्या वाटेला इंग्रजीत जे नाव होते त्याचा अर्थ ‘लक्ष ठेवून वाट पाहणे’ असा होता. रोग्यांच्या कानी मात्र, आपल्याला मरताना पाहत बसणार, असे काहीसे पडत होते! नाव बदलून ‘सक्रिय देखरेख’ असे केले, तिन्ही वाटा समतोलपणे समजावून सांगितल्या, आणि तयार होणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४० वरून ७० वर गेले. वैद्यकात शब्द हेही औषधच असते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

पंधरा वर्षांचा निकाल २०२३ मध्ये आला. १,६४३ पैकी या रोगाने मरण पावले ४५ जण: देखरेखीच्या गटात १७, शस्त्रक्रियेच्या १२, किरणोपचाराच्या १६. हा फरक नगण्य. रोग अन्यत्र पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीत शेकडा ९ च्या वर, तर इतर दोहोंत ५ च्या आसपास होते. त्या गटातील शेकडा ६० हून अधिक जणांनी पुढे केव्हा ना केव्हा शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार घेतलेच. आता दुसरे पारडे पाहा. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटातील शेकडा ४६ जणांना लघवीसाठी पॅड वापरावे लागत होते, सहा वर्षांनी १७ जणांना. देखरेखीच्या गटात हेच आकडे ४ व ८ होते. किरणोपचारात लघवीचा त्रास कमी, पण काहींना आतड्यांचा व शौचातून रक्त जाण्याचा. कामशक्तीची हानी शस्त्रक्रियेत सर्वांत अधिक. पुरुष ज्या गोष्टी चारचौघांत बोलत नाहीत त्यांचाच हा ताळेबंद आहे, आणि म्हणूनच तो निवडीपूर्वी मोकळेपणाने मांडला गेला पाहिजे.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. त्या पाहणीतील जवळजवळ सारे पुरुष गौरवर्णीय होते. भारतात रोगी पाश्चात्त्य देशांच्या मानाने उशिरा, पुष्कळदा हाडांत रोग गेल्यावर येतात. हगिन्स यांचा शोध प्रसिद्ध झाला त्याच १९४१ साली मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. संप्रेरक रोखणारी इंजेक्शने अमेरिकेत १९८५ पासून मिळू लागली, तरी दर काही महिन्यांनी त्यांचा खर्च सोसणे ज्याला जमत नाही असा भारतीय रोगी आजही वृषणे काढण्याची, एकदाच करावी लागणारी व स्वस्त शस्त्रक्रिया पत्करतो. ही निवड पुष्कळदा खिशाने केलेली असते, हे आपण विसरू नये. आणि उग्र रोगात, ग्लीसनचा आकडा वरचा असताना, ‘पाहू पुढे’ म्हणून दिवस काढणे हे शहाणपण नव्हे; तेथे उपचाराला लागलेच पाहिजे.

पुन्हा त्या घरात जाऊ. काका कागद घेऊन बसले आहेत. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासाने त्यांना कोणते बळ दिले? पहिले हे की, रोग ग्रंथीपुरता व सौम्य असेल, तर निर्णय त्याच रात्री करण्याची निकड नाही. चार-सहा आठवडे विचाराला मिळू शकतात. दुसरे हे की, काही प्रश्न विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. माझा ग्लीसन गुणांक किती? रोग ग्रंथीबाहेर गेला आहे का? माझे वय व हृदय पाहता मला कोणत्या वाटेने काय लाभेल आणि काय गमवावे लागेल? शस्त्रवैद्य आणि किरणोपचारतज्ज्ञ या दोघांनाही त्यांनी भेटावे, कारण प्रत्येक कारागिराला आपले हत्यार प्रिय असते. पत्नीला बरोबर न्यावे. या निवडीचे परिणाम तिच्याही आयुष्यावर होणार आहेत. देखरेख निवडली तर ती निष्ठेने पाळावी. ठरल्या दिवशी चाचणी चुकवली तर ती देखरेख राहत नाही. आणि थोरल्या मुलाने इतकेच करावे, की वडिलांना प्रथम बोलू द्यावे. त्यांना काय हवे आहे, हे अजून घरात कोणी विचारलेलेच नाही.