सिग्माबाहेरची पोरं

रॉकच्या चाहत्यांचा इतिहास मी ऑगस्ट १९७४ पासून सांगेन, फिलाडेल्फियातल्या सिग्मा साउंड स्टुडिओच्या दारापासून. आत डेव्हिड बोवी ‘यंग अमेरिकन्स’ ध्वनिमुद्रित करत होता. बाहेर फुटपाथवर पोरं रात्ररात्र ठिय्या देऊन बसलेली. बोवीच्या झिगी स्टारडस्ट या आधीच्या अवताराच्या रंगवलेल्या चेहऱ्यावर जीव टाकणारी ही पोरं, आणि आत तर सोल संगीत! कार्लोस अलोमारची गिटार, तेव्हा कुणाला फारसा ठाऊक नसलेल्या ल्यूथर वँड्रॉसचा कोरस. काम संपलं त्या रात्री बोवीनं त्यांना आत बोलावून कच्ची गाणी ऐकवली. पोरांनी ती पुन्हा लावायला लावली, नाचलीही. समीक्षकांआधी या पोरांनी त्याचं बदलणं आपलं मानलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. तबकडी मार्च १९७५ मध्ये आली. तिच्यातलं ‘फेम’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते मात्र न्यूयॉर्कचं, जॉन लेननसोबतचं.