गादीसाठी भाऊ विरुद्ध भाऊ

ऐतिहासिक कादंबरीत भाऊ प्रतिनायक होतो, त्यामागे बहुतेक वेळा वारसाहक्काचा तंटा असतो. वयाने थोरला श्रेष्ठ की थोरल्या राणीचा मुलगा, दौलत अखंड ठेवायची की वाटून घ्यायची, याचा सर्वमान्य नियम अठराव्या शतकात नव्हता. त्यामुळे भाऊबंदकीत दोन्ही बाजूंना काहीएक न्याय असे. असा विरोधक कादंबरीला निव्वळ दुष्ट माणसापेक्षा कितीतरी मोलाचा ठरतो.

तंटा दर वेळी गादीचाच असतो असेही नाही. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’मध्ये वसई जिंकणारा, थोरल्या भावावर जीव टाकणारा चिमाजी अप्पा मस्तानीच्या प्रश्नावर बाजीरावाच्या आड उभा राहतो. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’त गोष्ट वेगळी आहे. 1680 साली राजाराम जेमतेम दहा वर्षांचा होता, म्हणून तिथे विरोधाची जागा सोयराबाई आणि कारभारी घेतात.

नार्नूरच्या वाचकाला असे कथानक पुण्या-साताऱ्यात शोधायची गरज नाही. आदिलाबादच्या या डोंगरी मुलखाचा इतिहास चांद्याच्या गोंड राज्याशी जोडलेला आहे. शेजारचा राजुरा तालुका तर 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. गोंडांचे परधान किंगरीच्या साथीने वंशकथा गात आले, तेव्हा राजघराण्यांच्या गोष्टी इथे परक्या नाहीत.

चांद्याच्या उत्तरेला देवगडचे गोंड राज्य होते. तिथला राजा चांद सुलतान 1739च्या सुमारास वारला आणि वली शाहने गादी बळकावली. राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघूजींनी वली शाहला हटवून तिच्या मुलांना, बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह यांना, राज्य परत मिळवून दिले. पण पुढे हे दोघे सख्खे भाऊच एकमेकांवर उठले. 1743 साली रघूजी पुन्हा आले, ते बुऱ्हाण शाहची बाजू घेऊन. अकबर शाह परागंदा झाला आणि हैदराबादेत विषप्रयोगाने मेला. बुऱ्हाण शाह जिंकला खरा, पण नागपुरात नावापुरता राजा उरला. सत्ता भोसल्यांकडे गेली. भावाला हरवून राज्यही गमावणारा हा बुऱ्हाण शाह कादंबरीच्या दृष्टीने अकबर शाहपेक्षाही अवघड आणि म्हणून अधिक मोलाचे पात्र आहे.

1751 साली चांद्याचे राज्यही रघूजींनी घेतले. 1755 मध्ये ते वारले आणि तोच प्रसंग भोसल्यांच्या घरात उभा राहिला. जानोजी वयाने थोरले, तर मुधोजी थोरल्या राणीचे. पेशव्यांनी सेनासाहेब सुभा हे पद जानोजींना दिले. मुधोजींच्या वाट्याला चांदा आणि सेनाधुरंधर हा किताब आला. निपुत्रिक जानोजींनी मुधोजींचा मुलगा रघूजी याला वारस ठरवले होते. तरीही 1772 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर धाकट्या साबाजींनी पदावर हक्क सांगितला.

जानेवारी 1775 मध्ये नागपूरच्या दक्षिणेला पाचगावजवळ दोन्ही फौजा भिडल्या. मुधोजी घेरले गेले. साबाजी विजयाच्या भरात हत्तीवरून थेट त्यांच्याजवळ आले तेव्हा मुधोजींनी पिस्तूल झाडले. साबाजी ठार होताच लढाईचे पारडे फिरले. पद दुसऱ्या रघूजीकडे गेले आणि 1788 मध्ये मरण येईपर्यंत मुधोजींनी त्याच्या नावाने कारभार केला.