मोनोक्रोटोफॉस : बंदी नेमकी कशावर आहे, आणि बाटलीवर काय वाचायचं?

मागच्या खरिपात काकांनी यवतमाळकडच्या गावातून व्हॉट्सॲपवर एका बाटलीचा फोटो पाठवला. “जुनी पडली आहे घरात. कपाशीवर मारू का रे?” मी कोड लिहिणारा माणूस. ब्रँडचं नाव गूगल केलं तर नुसत्या जाहिराती. मग फोटो झूम केला. खाली बारीक अक्षरांत खरं नाव होतं : मोनोक्रोटोफॉस ३६% एसएल. काकांना फोन लावला, “मारू नका.” ते म्हणाले, “औषधच तं आहे न बे!”

गावाकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात, आणि अर्धा घोळ तिथेच होतो.

मोनोक्रोटोफॉस हे ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक. आपल्या नसा ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून निरोप पाठवतात. निरोप पोचला की एक एन्झाइम तो पुसून टाकतं. हे विष त्या एन्झाइमलाच बंद पाडतं, म्हणजे निरोप चालूच राहतो. इन्फिनिट लूप समजा. अळीत हेच होतं आणि फवारणाऱ्या माणसातही. ते कातडीतूनही आत जातं, त्यामुळे पाठीवरचा गळका पंप चांगलाच महागात पडतो.

अमेरिकेत याची नोंदणी १९८८ मध्येच रद्द झाली. आपल्याकडे २००५ मध्ये फक्त भाजीपाल्यावर बंदी आली. कपाशीवर वापर चालूच. २०१३ मध्ये बिहारमधल्या गंडामण गावच्या शाळेत माध्यान्ह भोजनातून २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात हेच सापडलं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसएक माणसं गेली. तिथे एकच विष नव्हतं, मिश्रणं मारली जात होती. पण त्या चर्चेत हे नाव होतंच. ३६% एसएलवर केंद्राचा बंदी आदेश आला तो २०२३ मध्ये. उशीरच म्हणायचा.

आता मुद्द्याचं. बंदी ब्रँडवर नसते. ती रसायनावर असते, कधी ठराविक टक्केवारीवर, तर कधी एखाद्याच पिकासाठी. म्हणून गूगल लेन्सने लेबल वाचा, रसायनाचं नाव आणि टक्केवारी कॉपी करा, आणि केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या साइटवरच्या बंदी-निर्बंधांच्या पीडीएफमध्ये शोधा. यादी इंग्रजीत आहे, पण नाव जुळवता येतं. शिवाय लेबलवर रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

फवारताना कुणाला दरदरून घाम, लाळ, अंधुक दिसणं, धाप असं काही झालं तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन करा. लेबलचा फोटो सोबत न्या. ॲट्रोपिन द्यायचं का, हे डॉक्टरांना त्यावरून लवकर ठरवता येतं.