बीजाची परीक्षा

इ. स. १६७७ च्या नोव्हेंबर महिन्यात हॉलंडमधील डेल्फ्ट शहरच्या एका कापड-व्यापाऱ्याने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड ब्राउंकर यांना एक पत्र धाडले. विषय असा की, तो मांडताना कोणाचीही लेखणी अडखळावी. आपण तपासलेले द्रव्य कोणत्याही पापाचरणाने मिळविलेले नसून दांपत्यजीवनात सहज प्राप्त झालेले आहे, असा खुलासा पत्रलेखकाने आवर्जून केला होता; आणि विद्वज्जनांना हे निरीक्षण किळसवाणे वाटलेच, तर ते प्रसिद्ध करू नये, अशी विनंतीही जोडली होती. या गृहस्थाचे नाव आंतोनी फान लेव्हेनहूक. पुरुषाच्या वीर्यात शेपट्या हलवीत पोहणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात, हे वृत्त विद्वानांच्या जगाला या पत्राने प्रथम कळले. सोसायटीने पत्र दडपले नाही. १६७९ साली ते लॅटिन भाषेत छापले.

तोवर वीर्याविषयी माणसाने विचार पुष्कळ केला होता, ते पाहिले मात्र नव्हते. आपल्याकडे मनुस्मृतीने पुरुषाला बीज आणि स्त्रीला क्षेत्र म्हटले आणि दोहोंत श्रेष्ठ कोण याची चर्चा केली. चरकसंहितेच्या वाजीकरण प्रकरणात उसातला रस, दह्यातले तूप आणि तिळातले तेल यांचे दाखले देऊन शुक्र सर्व देह व्यापून असते, असे सांगितले आहे. उपमा सुंदर खरी. परंतु शुक्र सर्वांगातून पिळून निघते, ही समजूत तिच्यापासून फार दूर नाही. त्याच संहितेने वृषण हे शुक्रवाही स्रोतसांचे मूळ मानले आहे, हेही सांगितले पाहिजे. ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलची कल्पना याहून विचित्र. मागाचे धागे ताणलेले राहावेत म्हणून विणकर स्त्रिया जशी दगडी वजने टांगतात, तसे वृषण हे केवळ वजन होय, असे त्याचे मत होते. गर्भाचे द्रव्य स्त्रीचे आणि आकार पुरुषाचा. लाकूड आणि सुतार यांचे नाते ते हेच.

हे वजन उलगडण्याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते, त्यांपैकी एक लेव्हेनहूकचाच गावकरी होता. रेग्निए द ग्राफ या तरुण वैद्याने १६६८ साली पुरुषाच्या जननेंद्रियांवर ग्रंथ लिहिला. डॉरमाऊस नावाच्या लहानशा कृंतक प्राण्याचे वृषण त्याने सोडविले, तेव्हा हाती गोळा न राहता सुताच्या गुंडीसारखी अतिबारीक नळ्यांची गुंतवळ आली. वृषण म्हणजे मांसल गोळा नव्हे, तो नळ्यांचा पुंजका आहे, हे त्याने ठासून सांगितले. १६७३ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो वारला. मात्र त्याच वर्षी त्याने रॉयल सोसायटीला लेव्हेनहूकच्या भिंगांची शिफारस करून ठेवली होती. ती नसती, तर विश्वविद्यालयाचे तोंडही न पाहिलेल्या त्या व्यापाऱ्याची पत्रे कोणी किती मनावर घेतली असती, कोण जाणे!

लेव्हेनहूकचे सूक्ष्मदर्शक म्हणजे धातूच्या पट्टीत बसविलेले एकच चिमुकले भिंग. त्याच्या उरलेल्या यंत्रांपैकी सर्वोत्तम यंत्र वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते. प्रथम योहान हाम नावाच्या विद्यार्थ्याने परम्याच्या रोग्याचे वीर्य त्याच्याकडे आणले. आत हालणारे जीव आहेत आणि ते रोगामुळे उपजले असावेत, असा त्या विद्यार्थ्याचा तर्क होता. लेव्हेनहूकने निरोगी वीर्य घेतले आणि तर्क खोटा ठरविला. वाळूच्या एका मोठ्या कणाएवढे होण्यास यांतले दहा लाख पुरणार नाहीत, असा हिशेब त्याने मांडला.

येथवर दृष्टीचे काम झाले. बुद्धीचे काम मात्र पुढे जवळजवळ दोनशे वर्षे चुकत राहिले. माणूस या जीवातच असतो, स्त्रीचे गर्भाशय त्याला केवळ पोसते, असा निष्कर्ष खुद्द लेव्हेनहूकने काढला. म्हणजे बीज-क्षेत्राच्या जुन्या कल्पनेला आता सूक्ष्मदर्शकाची साक्ष मिळाली! १६९४ साली निकोलास हार्टसुकर याने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला चिमुकला माणूस चितारला. असे काही आपण पाहिले, असे तो म्हणाला नव्हता. पाहता आले तर असे दिसेल, एवढेच त्याचे म्हणणे. परंतु चित्राच्या पुढे अशा अटी टिकत नाहीत. उलट पक्षाने विचारले, एका मुलासाठी परमेश्वर कोट्यवधी माणसे मरू देईल काय? त्या पक्षाला हे जीव पोटातल्या जंतांसारखे परोपजीवी वाटू लागले. १८२७ साली त्यांना आजचे शास्त्रीय नाव देणारा फोन बेअर याचाही हाच ग्रह होता. आपल्या भाषेत रूढ झालेला ‘शुक्रजंतू’ हा शब्द याच गैरसमजाची खूण आजही अंगावर बाळगून आहे.

चुकीच्या निष्कर्षाचा सर्वांत चटका लावणारा दाखला इटलीच्या स्पालांझानी या धर्मगुरूचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने बेडकांच्या नरांना तलम तलावेदार कापडाच्या विजारी शिवून घातल्या. विजार घातलेल्या नराच्या संगतीतली अंडी फुकट गेली. विजारीत सापडलेल्या थेंबांचा स्पर्श ज्या अंड्यांना करविला, त्यांतून पिले निघाली. कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने वीर्य सोडून त्याने बासष्टाव्या दिवशी तीन पिलेही मिळविली. पुढे त्याने वीर्य कागदातून गाळले. गाळून आलेल्या पाण्याने अंडी फळली नाहीत, कागदावरच्या साक्याने फळली. उत्तर हातात होते; तरी फलन द्रवानेच होते, या मतापासून तो ढळला नाही. १८२४ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि द्यूमा यांनी गाळण्याचा प्रयोग पुन्हा काटेकोरपणे केला आणि श्रेय द्रवाचे नसून शुक्राणूंचे आहे, असे सांगितले. १८४१ मध्ये कोलिकर याने दाखविले की, हे पाहुणे प्राणी नव्हेतच. वृषणातल्या पेशींपासून घडलेल्या त्या शरीराच्याच पेशी होत.

अखेरचा पडदा भूमध्य समुद्राच्या काठी उठला. सागरी अर्चिनची अंडी पारदर्शक असतात. ऑस्कर हर्टविग याने ती न्याहाळली आणि १८७६ साली जाहीर केले की, फलनाच्या वेळी अंड्यात दोन केंद्रके एकमेकांजवळ येऊन एकरूप होतात. एक अंड्याचे, दुसरे शुक्राणूचे. बीज आणि क्षेत्र ही जोडी त्या दिवशी शास्त्रापुरती संपली. बीजे दोन निघाली.

वृषणाचे दुसरे कार्य निराळ्याच वाटेने उमगले. १८४९ साली गटिंगेनमध्ये बेर्टोल्ड याने कोंबड्याच्या काही पिलांचे वृषण काढले आणि काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसविला. पहिली पिले मवाळ राहिली. दुसऱ्यांचा तुरा वाढला, ती आरवली, भांडली. मज्जातंतू तर तुटलेले होते, तेव्हा हा प्रभाव रक्तावाटेच पसरला असला पाहिजे. पुढल्याच वर्षी लायडिग याने नळ्यांच्या मधल्या जागेतल्या पेशी वर्णिल्या. टेस्टोस्टेरॉन याच पेशींत तयार होते, हे बरेच नंतर कळले. दरम्यान १८८९ मध्ये बहात्तर वर्षांच्या ब्राउन-सेकार या नामांकित शास्त्रज्ञाने जनावरांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याची द्वाही फिरविली. तो सारा मनाचा खेळ होता. खरे द्रव्य १९३५ साली अॅमस्टरडॅममध्ये वेगळे झाले.

आज जे चित्र उभे आहे ते असे. वृषणाचे तापमान शरीराहून दोन ते चार अंश कमी लागते, म्हणून त्याची जागा उदराबाहेरच्या पिशवीत. द ग्राफने उकललेल्या नळ्यांत शुक्राणू घडण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. तेथून ते अधिवृषणाच्या कित्येक मीटर लांब वेटोळ्यात उतरतात, पोहण्याचे सामर्थ्य मिळवितात आणि रेतवाहिनीने पुढे जातात. वीर्याचा बहुतांश भाग रेताशयांचा व पुरःस्थ ग्रंथीचा स्राव असतो; शुक्राणूंचा वाटा शेकडा काहीच. म्हणूनच रेतवाहिनी कापून बांधल्यावर वीर्याच्या प्रमाणात फरक जाणवत नाही, आणि पुरुषत्वाचे द्रव्य थेट रक्तात जात असल्याने तेही उणावत नाही.

ही माहिती घरोघर पोचली असती, तर वीर्याच्या एका थेंबासाठी रक्ताचे चाळीस थेंब खर्ची पडतात, या भयाने किती तरुण पोखरले गेले नसते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून असल्या भयांना उत्तरे दिली. त्यापायी खटले सोसले. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते.

दुसरा अन्याय अधिक जुना. पीक आले तर बीजाची कीर्ती, न आले तर क्षेत्राला दोष. ‘वांझ’ हा शब्द स्त्रीच्याच वाट्याला आला. वस्तुतः सुश्रुताने शुक्रदोष स्वतंत्रपणे सांगितले आहेत. शास्त्राला ठाऊक होते ते माजघराने ऐकले नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कारण सर्वस्वी वा अंशतः पुरुषाकडे असते. त्याची पहिली तपासणी म्हणजे काचेच्या पट्टीवरचा एक थेंब आणि सूक्ष्मदर्शक. स्त्रीच्या तपासण्यांहून ती कितीतरी सोपी. तरीही अनेक घरांत दुसऱ्या लग्नाची बोलणी तिच्या आधी होतात. १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडून गर्भधारणा झाल्याचे जाहीर केले, तेव्हापासून ज्यांच्या वीर्यात शुक्राणू अगदी विरळ, त्यांनाही मार्ग आहे. आणि साध्या औषधोपचारानंतर डॉक्टर पुन्हा तपासणीस बोलावतात ते सुमारे तीन महिन्यांनी. कारण नवे शुक्राणू घडून बाहेर यावयास तेवढा अवधी लागतोच.