अ‍ॅझ्टेक आणि चांद्याचे गोंड राज्य : जिंकणाऱ्याने लिहिलेला इतिहास वाचायचा कसा?

पीएचडीला विषय निवडताना बरेच जण थेट मोठ्या साम्राज्यांकडे वळतात. अ‍ॅझ्टेक हा त्यातलाच एक लाडका विषय. 1325 च्या सुमारास तेनोच्तित्लान वसले, 1428 मध्ये तीन नगरांची युती झाली, 1519 मध्ये कोर्तेस आला आणि 13 ऑगस्ट 1521 ला सगळे संपले. पाठ करायला सोपे. पण जे प्रश्न अ‍ॅझ्टेकांच्या अभ्यासकांना पडतात, नेमके तेच प्रश्न आपल्या शेजारी पडून आहेत. वणीहून वर्धा नदी ओलांडली की झाला चंद्रपूर जिल्हा, म्हणजे जुना चांदा.

उदय

दोन्ही राजधान्यांना जन्मकथा आहे. तिकडे निवडुंगावर बसलेला गरुड दिसला तिथे नगर वसले. इकडे खांडक्या बल्लाळशहाच्या कुत्र्यामागे ससा धावला आणि ज्या वाटेने धावला तिथे कोट उभा राहिला. कथा म्हणून छान, पण तारीख कशी काढायची?

चांद्याच्या राजांची सलग हकीकत 1869 च्या सेटलमेंट रिपोर्टात मेजर लूसी स्मिथने नोंदवली, तीही मुख्यतः लोकांच्या तोंडून ऐकून. त्याने वंशाची सुरुवात बरीच मागे नेली. आता पक्की खुंटी शोधू. अबुल फझलच्या आइन-ए-अकबरीत, म्हणजे 1590 च्या दशकात, चांद्याचा बाबाजी येतो : 1,000 घोडेस्वार, 40,000 पायदळ, माणिकगडचा किल्ला आणि वैरागडची हिऱ्याची खाण. शेवटचा राजा नीळकंठशहा 1751 मध्ये गेला. वंशावळीप्रमाणे बाबाजीपासून त्याच्यापर्यंत सहा राजे, म्हणजे एका राजाला साधारण 25 ते 30 वर्षे. हाच हिशेब मागे लावला तर बाबाजीच्या तीन-चार पिढ्या आधीचा खांडक्या पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात येतो. हा पुरावा नाही, अंदाज आहे. पण कशावरून काढला ते वाचणाऱ्याला तपासता येते, हे महत्त्वाचे.

समाज

तेनोच्तित्लान सरोवरातल्या चिनाम्पांवर, म्हणजे पाण्यात गाळ भरून केलेल्या वाफ्यांवर, जगले. चांदा तलावांवर जगला. जो जंगल तोडेल त्याला जमीन, जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, असे गोंड राजांचे धोरण सांगितले जाते. अशा देणगीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाचा भाग आजही आहे. रिपोर्टात राजांची नावे मिळतात, पण समाज मिळतो तो अशा शब्दांत. यवतमाळकरांनी हे विशेष लक्षात घ्यावे : आइनमध्ये कळंब हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे आहे. आज तालुक्याचे गाव, तेव्हा महसुली विभागाचे नाव.

अस्त

कोर्तेस मूठभर शिपाई घेऊन आला आणि जिंकला, ही अर्धी गोष्ट. त्याच्या बाजूने त्लाश्कालाचे हजारो योद्धे लढले आणि 1520 मध्ये देवीच्या साथीने शहर पोखरले. परका एकटा जिंकत नाही, घरातली फूट त्याला वाट देते. देवगडच्या गोंड राज्यात चांद सुलतानच्या मृत्यूनंतर वारसाचा वाद पेटला आणि राणीने रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. पाहुणा मग मालक झाला. चांद्याकडे त्यांचा मोर्चा पुढच्या दशकात वळला.

चांद्याबद्दल सांगतात की नीळकंठशहा क्रूर होता, त्याने बापाचा दिवाण मारला, लोक दुरावले. असेलही. पण ही हकीकत कागदावर आली तेव्हा राज्य जाऊन शंभरावर वर्षे झाली होती. हरलेला राजा दुष्ट ठरला की जिंकणाऱ्याची सोय होते, हे विसरू नका.

म्हणून अशी साधने फेकून द्यायची का? नाही. स्पॅनिशांनी नरबळीबद्दल लिहिले ते पूर्ण खोटे, असेही काही जण म्हणत. मेक्सिको शहरात 2015 पासून कवट्यांची रचना उत्खननात सापडत गेली. म्हणजे प्रथा खरी, पण त्यांनी दिलेले मोठे आकडे तेवढ्याने खरे ठरत नाहीत. प्रत्येक विधान वेगळे तपासावे लागते.

मग आपण काय करायचे?

साहागुन या पाद्रीने नाहुआ लोकांना विचारून, त्यांच्याच भाषेत बारा पुस्तके भरून माहिती लिहून घेतली. तोही जिंकणाऱ्यांच्याच बाजूचा, पण शब्द त्यांचे राहिले. आपल्याकडे केळापूर, झरी जामणी, मारेगाव या तालुक्यांत गोंडी बोलणारी माणसे आहेत. सिनॉप्सिस लिहिताना ‘गोंडांचे पतन’ असे शीर्षक टाकण्याआधी एवढे विचारा : पडले ते सिंहासन की समाज? 1751 मध्ये सिंहासन गेले. 1858 मध्ये त्याच चांद्यात बाबुराव शेडमाकेंना इंग्रजांनी फाशी दिली. समाज संपला असता तर लढले कोण?

तेव्हा गॅझेटियर वाचाच, पण गोंडी शिकायलाही घ्या. गावांची, तलावांची, शेतांची नावे गोळा करा. त्यांत जे सापडेल ते लूसी स्मिथच्या रिपोर्टात नसेल.