६१७४ आणि देवळालीचे मास्तर

मंडळी, जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. चार अंकी कोणतीही संख्या लिहा, फक्त चारही अंक सारखे नकोत. तेच अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरा. त्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतात आणि गाडी तिथेच थांबते, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४च उरतात.

हे १९४६ साली शोधले आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीच्या एका शाळामास्तरांनी. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. त्यांचे जन्मसालच घेऊन बघा. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि बरोबर सातव्या खेपेला ६१७४!

मी मराठी-इतिहासाचा मास्तर, गणित माझा प्रांत नव्हे. तरी 'असे का?' हा किडा डोक्यातून जाईना. उलगडा सोपा निघाला. उत्तर चार अंकांवर नव्हे, दोनच फरकांवर ठरते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक गुणिले ९९९, मधल्या दोन अंकांतला फरक गुणिले ९०, आणि त्यांची बेरीज. त्यामुळे पहिल्याच वजाबाकीनंतर फक्त ५४ उत्तरे शक्य राहतात. ती एकेक तपासली की कळते, चोपन्न घरांच्या या गावात सगळ्या वाटा एकाच चावडीवर जातात.

कापरेकर फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ ला बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीत शिकवले. सुचलेल्या एका संख्यागटाला त्यांनी डोंबिवली स्टेशनच्या जुन्या इंग्रजी नावावरून 'डेम्लो' म्हटले. ६१७४ वरचा त्यांचा लेख १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या अमेरिकन नियतकालिकात आला. पण आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांना हा पोरखेळ वाटे. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला नाव कळले. मास्तर तेव्हा सत्तरीचे होते, निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. १९८६ साली ते गेले.

याचा उपयोग काय, असे माझा नातूही विचारतो. मला वाटते, शाळेच्या वेळापत्रकातून उरलेल्या वेळात एका माणसाने आयुष्यभर, कुणी विचारत नसताना, संख्यांशी मैत्री ठेवली, हेच मोठे. त्यांनी आणखी एका प्रकाराला 'हर्षद' संख्या हे नाव दिले. अंकांच्या बेरजेने ज्यांना निःशेष भाग जातो त्या हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. आता भागून बघा. ३४३, म्हणजे साताचा घन, बाकी शून्य.

असो. आज घरातल्या एखाद्या पोराला हा हिशेब घालून बघा, आणि किती वजाबाक्या लागल्या ते जरूर कळवा.