गिरणीच्या चिमणीचा मागोवा

लालबाग-परळच्या आकाशावर शंभर वर्षांहून अधिक काळ गिरण्यांच्या चिमण्यांचं राज्य होतं. या घराण्याचं मूळ ताडदेवला सापडतं. कावसजी नानाभाई दावर यांची मुंबईतली पहिली वाफेवरची कापूसगिरणी तिथे १८५६ मध्ये सुरू झाली. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत शास्त्रज्ञ युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कर्बवायूची, म्हणजे कोळसा जळताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची, नळी सर्वांत जास्त तापली आणि निवायलाही तिला सर्वांत जास्त वेळ लागला. तीन वर्षांनी भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी हा वायू उष्णता शोषतो हे लंडनमध्ये मोजून दाखवलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा स्वीडनमध्ये शास्त्रज्ञ आऱ्हेनियस हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचं गणित मांडत होते.

पण गिरणगावाला जाचत होता तो हा न दिसणारा वायू नव्हे, तर डोळ्यांत जाणारी काजळी. तिला आवर घालण्यासाठी १९१२ मध्ये धूर-उपद्रवाचा कायदा झाला. १९१५ पासून टाटांची खोपोलीची जलवीज गिरण्यांना मिळू लागली आणि कोळशाचा धूर घटू लागला. पण शहराची भूक पाण्याच्या विजेवर भागेना. १९५६ मध्ये तुर्भ्याचं औष्णिक केंद्र उभं राहिलं, १९९५ मध्ये डहाणूचं. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर लालबागच्या चिमण्या एकेक करून थंडावल्या, तरी त्यांचा वंश शहराच्या वेशीबाहेर वाढतच राहिला.

मग जुना धूर गेला कुठे? काजळी पावसाने धुऊन नेली. कर्बवायूचा साधारण निम्मा भाग समुद्र, झाडं आणि माती शोषतात. उरलेल्यातला काही हजारो वर्षं हवेत टिकतो. त्याचं कूळही ओळखता येतं. कोळसा कोट्यवधी वर्षांचा, त्यामुळे त्यात कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन उरलेला नसतो आणि त्याचा धूर मिसळला की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण घटतं. १९५५ मध्ये शास्त्रज्ञ हान्स सूस यांनी झाडांच्या वाढवलयांत या घटीची खूण पकडली. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमागे कर्बवायूचे २८० रेणू होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.

चिमणी पाडल्याने तिचा हिशेब मिटत नाही. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या लिफ्ट आणि एसी चालवणाऱ्या विजेचा मोठा वाटा आजही कोळशाचाच आहे. महापालिकेने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. आपली वीज कुठल्या चिमणीतून येते, हे प्रत्येक सोसायटीने वीज कंपनीला विचारावं आणि ती बदलायचा आग्रह धरावा.